पट्ट्यांवरचा रिमोट रोबो बनवायचाय? पुण्यातल्या नवख्यांनी सुरुवात कुठून करायची

बॉम्बशोधक पथकाचा रोबो बातम्यांत दिसला की दुसऱ्या दिवशी कुठल्या ना कुठल्या इंजिनिअरिंगच्या ग्रुपवर मेसेज पडतोच, "आपणपण असला बनवूया का, बजेट किती लागेल?" आणि मग चर्चा लगेच ॲल्युमिनियम किती एमएमचं घ्यायचं, रणगाड्याला असतात तसे पट्टे कुठून मागवायचे, हात किती जॉइंटचा करायचा इकडे वळते, आणि कॅमेऱ्याचं काय विचारलं तर म्हणतात तो लावू शेवटी कुठलातरी. माझं मत बरोबर उलटं आहे. पोलीस किंवा लष्कर असला रोबो घेतं ते माणूस लांब ठेवायला, आणि माणूस लांब गेला की त्याचे डोळेकान रोबोवर बसवावे लागतात, तेच धड नसतील तर खाली कितीही भारी पट्टे लावा, तो भिंतीवर जाऊन धडकणार. म्हणून आधी दिसणं, मग थांबणं, मग चालणं, आणि हात वगैरे सगळ्यात शेवटी. लेखातल्या पायऱ्या मात्र बनवायच्या क्रमाने दिल्यात, कारण चेसिसशिवाय, म्हणजे खालच्या सांगाड्याशिवाय, कॅमेरा बसवणार कशावर.

आधी थोडं पुण्याचं, कारण हा विषय आपल्या गावात परका नाही. दिघीला डीआरडीओची आर अँड डीई (इंजिनिअर्स) ही लॅब आहे, बॉम्ब निकामी करणारा 'दक्ष' रोबो तिथेच तयार झाला, आणि त्यातले पहिले पाच डिसेंबर २०११ मध्ये लष्कराला दिले गेले. बॅटरीवर चालतो, साधारण ५०० मीटरवरून चालवता येतो, संशयास्पद वस्तूचा एक्स-रे काढतो, पाण्याच्या जोरदार झोताने ती निकामी करतो. आणि गंमत बघा, दक्ष चाकांवर चालतो, पट्ट्यांवर नाही! तरी जिना चढतो. त्यामुळे पहिला प्रश्न स्वतःला हाच विचारा की पट्टे खरंच हवेत का. पट्टे आवाज करतात, बॅटरी खातात, वळताना उतरतात, आणि एक कडी तुटली की गाडी जागीच बसते. त्याच्या बदल्यात मिळतं काय तर जिना, विटामातीचा ढिगारा, सैल मुरूम, चिखल. तुमचा रोबो फक्त कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये फिरणार असेल तर चार चाकं लावा आणि उरलेले पैसे कॅमेऱ्यात घाला.

जगात हे सगळं जुनंच आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांकडे 'गोलिएथ' नावाचं वायरने चालवायचं पट्ट्यांचं छोटं यंत्र होतं, स्फोटकं भरून पाठवायचं आणि उडवायचं, परत आणायचा प्रश्नच नाही. माणूस वाचवायला म्हणून केलेला पहिला नावाजलेला रोबो म्हणजे ब्रिटिश लष्कराचा 'व्हीलबॅरो', १९७२ सालचा, उत्तर आयर्लंडमध्ये गाडीत ठेवलेले बॉम्ब हाताळायला, आणि त्याची सुरुवात झाली बागेत वापरायच्या इलेक्ट्रिक ढकलगाडीच्या सांगाड्यावरून. म्हणजे जुगाडाला कमी लेखू नका. नंतर अमेरिकेचा 'पॅकबॉट' आला, पुढे दोन हलणारे पट्टेवाले हात, त्यांना फ्लिपर म्हणतात, अफगाणिस्तानात २००२ मध्ये वापरला आणि एप्रिल २०११ मध्ये फुकुशिमाच्या अणुभट्टीच्या इमारतींत माणसाआधी तोच आत गेला.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो, हा लेख फक्त बघणाऱ्या आणि ऐकणाऱ्या रोबोचा आहे. २०१६ च्या जुलैमध्ये डॅलस पोलिसांनी रोबोच्या हातात स्फोटकं देऊन बंदूकधाऱ्याला मारलं, त्यावर तिकडे अजूनही वाद होतात, आणि तो वाद प्रशिक्षण घेतलेल्या, कायद्याने उत्तर द्यावं लागणाऱ्या लोकांचा आहे. आपण रोबोवर काहीही 'मारायचं' बसवायचं नाही, गंमत म्हणून एअरगनसुद्धा नाही. आणि बेवारस बॅग दिसली तर आपला रोबो घेऊन पळायचं नाही, लांब व्हायचं आणि ११२ ला फोन करायचा. जर्मन बेकरीचा २०१० चा स्फोट आणि २०१२ चे जंगली महाराज रस्त्यावरचे स्फोट बघितलेल्या शहराला हे वेगळं सांगायला नको.

पायरी पहिली: जिना मोजा

हो, काहीही विकत घ्यायच्या आधी मेजर टेप घ्या आणि तुमच्या सोसायटीचा जिना मोजा. इमारतींच्या नियमात घरगुती जिन्याची पायरी जास्तीत जास्त १९० मिमी उंच आणि कमीत कमी २५० मिमी रुंद धरतात. या मापाचा जिना साधारण ३७ अंशांत चढतो आणि एका पायरीच्या कडेपासून दुसऱ्या पायरीच्या कडेपर्यंतचं तिरकं अंतर येतं ३१४ मिमी. आता रोबो जिन्यावर असताना त्याचा पट्टा कायम किमान दोन कडांवर टेकलेला पाहिजे, एकाच कडेवर आला की तो तिच्यावर झुलायला लागतो. म्हणजे जमिनीला टेकणारी लांबी हवी ३१४ च्या दुप्पट, ६२८ मिमी. पॅकबॉट फ्लिपर मिटून ७० सेंटीमीटरच्या आसपास का आहे ते आता कळलं असेल. पेठेतल्या जुन्या वाड्याचे लाकडी जिने यात धरू नका, ते चढताना माणूसच दोरी धरतो.

लांबी ठरली की रुंदी. पट्ट्याची गाडी वळते ती एक बाजू पुढे आणि एक मागे फिरवून, म्हणजे पट्टे जमिनीवर आडवे घासत जातात. गाडी लांब आणि अरुंद असेल तर वळतच नाही, मोटरा नुसत्या गरम होतात. टेकणारी लांबी आणि दोन पट्ट्यांमधलं अंतर यांचं गुणोत्तर दीडच्या आसपास ठेवा, १.८ च्या वर तर जाऊच नका. ६३ ला ४२ सेंटीमीटर चांगलं बसतं आणि फ्लॅटच्या दारातूनही जातं.

पायरी दुसरी: मोटर

इथे लोक अंदाजाने घेतात आणि फसतात, हिशोब दोन ओळींचा आहे. रोबो १० किलोचा धरा. ३७ अंशांवर त्याला वर ओढायला साधारण ६ किलोचा जोर लागतो. पट्टा फिरवणाऱ्या दातेरी चाकाची, म्हणजे स्प्रॉकेटची, त्रिज्या ४ सेंमी असेल तर ६ गुणिले ४, म्हणजे २४ किलो-सेंमी टॉर्क, दोन्ही बाजूंना मिळून, म्हणजे एका बाजूला १२. पण पट्ट्याचं स्वतःचं घर्षण, ताण, बेअरिंग, यात बरंच वाया जातं म्हणून सरळ दुप्पट करा, एका बाजूला २४ ते ३० किलो-सेंमी. आणि हा आकडा रेटेड टॉर्कचा, म्हणजे मोटर सलग देऊ शकते त्या जोराचा हवा, दुकानात स्टॉल टॉर्क मोठ्या अक्षरात लिहिलेला असतो, तो मोटर अडकून जळायच्या बेतात असतानाचा आकडा आहे. सिमेंटवर रबरी पट्टे घेऊन जागेवर गोल फिरवलं तर जिन्याइतकाच, कधी जास्तच, जोर लागतो, त्यामुळे "आम्हाला जिना चढायचाच नाही" म्हणून बारकी मोटर घेऊ नका.

स्पीडचा मोह टाळा. ८ सेंमी व्यासाचं स्प्रॉकेट १०० आरपीएमला मिनिटाला २५ मीटर जातं, म्हणजे तासाला दीड किलोमीटर. हळू वाटतं, पण कॅमेऱ्यातून चालवायला बसलात की एवढंच झेपतं.

मोटर ड्रायव्हरला, म्हणजे बॅटरीचा करंट हवा तसा मोटरला देणाऱ्या बोर्डला, एल२९८एन नावाचं लाल बोर्ड सगळे सुचवतील कारण ते स्वस्त आहे आणि प्रत्येक दुकानात असतं. एका चॅनेलला २ अँपिअरच देतं आणि वर दोनेक व्होल्ट स्वतःच खातं, या कामाला ते नकोच. मोटरच्या कागदावर स्टॉल करंट बघा आणि त्याच्या वरचा ड्रायव्हर घ्या. बीटीएस७९६० च्या बोर्डवर ४३ अँपिअर लिहिलेलं असतं, तेवढं त्या चिमुकल्या हीटसिंकवर सलग चालेल असं समजू नका.

पायरी तिसरी: बाजारहाट

इलेक्ट्रॉनिक्ससाठी बुधवार पेठ, पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तपकीर गल्ली. सकाळी जा, पार्किंगचा विचार सोडून बसने जा. यादी कागदावर न्या, काउंटरवर गर्दी असते आणि "मोटरसाठी एखादा ड्रायव्हर द्या ना" म्हटलं की जे समोर असेल ते हातात पडतं. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे ॲल्युमिनियमचे तुकडे, जुन्या मशीनच्या पुली, बेअरिंग मिळतात, घासाघीस करायची हौस असेल तर जा. बॅटरी आणि मोटर मात्र तिथून घेऊ नका, चालू आहे की मेली ते घरी आल्यावरच कळतं.

साइड प्लेट लेझर कटिंगला आणि शाफ्ट लेथवर, त्यासाठी भोसरी एमआयडीसी. तिथले कारागीर आपल्यापेक्षा दसपट हुशार असतात पण त्यांना वेळ नसतो. एका लेथवाल्या काकांना मुलं मोबाईलवरचा फोटो दाखवून शाफ्ट मागत होती, काकांनी मशीन न थांबवताच सांगितलं, "फोटो घरी लावा. मला माप द्या, टॉलरन्स द्या, आणि बेअरिंग सोबत आणा, मी त्यात बसवून देतो." टॉलरन्स म्हणजे मापात किती फरक चालेल तो आकडा, आणि शेवटचं, बेअरिंगचं, तर फार महत्त्वाचं. बेअरिंग हातात दिलं की तो माणूस शाफ्ट त्यात सरकवून बघतो आणि मगच मशीनवरून उतरवतो.

पायरी चौथी: पट्टा आणि तो उतरणं

पट्ट्याचे तीन मार्ग आहेत. तयार प्लॅस्टिकच्या कड्यांचे पट्टे, ३-४ किलोच्या रोबोपर्यंत ठीक. कन्व्हेयरसारखा रबरी दातेरी पट्टा, महाग पण सुखाचा. आणि देशी पद्धत म्हणजे दोन्ही बाजूंना रोलर चेन, तिच्यावर पट्ट्या बोल्ट करून त्यावर रबराचे तुकडे. चेन जड असते, खडखडते, तरी नवख्यांना मी तीच सुचवतो कारण तुटली तर रस्त्यावर बसून जोडता येते आणि कडी पाच-दहा रुपयांत मिळते.

पट्टा उतरतो कसा ते एकदा जमिनीवर बसून हळू स्पीडला बघा. रोबो जागेवर वळवायचा, नजर मागच्या नाहीतर पुढच्या मोकळ्या चाकावर ठेवायची, त्याला आयडलर म्हणतात. आधी पट्ट्याची खालची बाजू जमिनीला चिकटून राहते आणि चेसिस आडवी सरकते, मग पट्टा आयडलरच्या कडेवर चढतो, एक दात बाहेर, दुसरा दात बाहेर, आणि फट्कन पूर्ण बाहेर. तुम्ही लगेच रिमोट सोडलात तर दुसऱ्या दातालाच थांबतं आणि उलटं फिरवून परत बसवता येतं. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की उपाय आपोआप सुचतात: आयडलरला दोन्हीकडे उंच कडा, साइड प्लेटना मधे आडवे सपोर्ट म्हणजे चेसिस पिळवटणार नाही, आणि ताण कमीजास्त करायला आयडलरच्या शाफ्टला लांबट भोक आणि बोल्ट. ताण किती? वरच्या मोकळ्या भागावर मधोमध बोटाने दाबा, एखादा सेंटीमीटर दबला की पुरे. फार ताणलात तर मोटर पट्टा फिरवण्यातच दमते.

टेकडीवर चालवणार असाल तर मुरमाचे खडे स्प्रॉकेट आणि पट्ट्यात अडकतात, तिथे साइड प्लेटला खाली मोकळी जागा ठेवा म्हणजे खडा बाहेर पडेल. पावसाळ्यात काळी माती मात्र अशी बसते की खराट्याच्या काडीनेच काढावी लागते, त्याला उपाय नाही.

पायरी पाचवी: बॅटरी आणि थांबणं

तीन सेलची लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी, भरलेली १२.६ व्होल्ट. एका सेलला ३.३ च्या खाली उतरू देऊ नका, त्यासाठी स्वस्तातला अलार्म मिळतो तो लावाच. चार्जर बॅलन्सवाला, म्हणजे सगळे सेल सारखे भरणारा, चार्जिंगला लावून झोपायचं नाही, आठवडाभर वापरणार नसाल तर ३.८ वर ठेवायची. फुगलेली बॅटरी "अजून चालते की" म्हणून वापरणारे महाभाग प्रत्येक ग्रुपमध्ये असतात, त्यांच्यापासून रोबो लांब ठेवा. बॅटरीच्या लगेच पुढे गाडीतला असतो तसा फ्यूज आणि वर लाल मोठं बटण, कुणीही धावत येऊन दाबेल असं.

मग फेलसेफ. रिमोटचा सिग्नल तुटला तर मोटरा थांबल्या पाहिजेत, शेवटची आज्ञा धरून पुढे पळता कामा नये. रिसीव्हरमध्ये हे सेटिंग असतं, पण आहे म्हणून गृहीत धरू नका. रोबो दोन विटांवर ठेवा, पट्टे हवेत. पुढे जायची काडी पूर्ण दाबा आणि दाबलेली असतानाच रिमोट बंद करा. पट्टे एका सेकंदात थांबले पाहिजेत. नाही थांबले तर त्या दिवशी रोबो विटांवरून खाली उतरवायचा नाही. रिमोट पुन्हा चालू केल्यावर तो झटका मारून पळत नाही ना, तेही तिथेच बघा.

फ्रिक्वेन्सीचं एक लक्षात ठेवा, परदेशी व्हिडिओ बघून ९१५ मेगाहर्ट्झचे मॉड्यूल मागवले जातात, ती आपल्याकडे विनापरवाना नाही. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५.८ गिगाहर्ट्झ चालतात, ठरवून दिलेल्या पॉवरमध्ये. चालवायला २.४ आणि चित्राला ५.८ अशी वाटणी करा म्हणजे एकमेकांत घुसणार नाहीत. ५.८ आरसीसी भिंतीत लवकर मरते, एक मजला चढला की चित्रात नुसत्या मुंग्या. खऱ्या रोबोंना म्हणूनच फायबर केबलचं रीळ लावायची सोय असते, आणि त्याला अजून एक कारण आहे, रिमोटने उडवायचे बॉम्ब निकामी राहावेत म्हणून पथकं जॅमर लावतात आणि तो जॅमर आपल्याच रोबोचा सिग्नलपण गिळतो.

पायरी सहावी: दिसणं

मुख्य मुद्दा आला. रोबोच्या कॅमेऱ्यातून बघणं म्हणजे दाराच्या कडीच्या भोकातून अख्खा वाडा बघण्यासारखं आहे. खोली किती लांब कळत नाही, उतार कळत नाही, आपण तिरके झालोय हेसुद्धा कळत नाही. त्यासाठी तीन गोष्टी करा. एक, कॅमेरा जमिनीलगत लावू नका, ३०-४० सेंमीच्या दांड्यावर थोडा मागे आणि खाली झुकवून लावा, म्हणजे चित्रात स्वतःच्या पट्ट्यांची पुढची टोकं दिसतील, ती दिसली की अंतराचा अंदाज येतो. दोन, मागे बघणारा दुसरा कॅमेरा, स्वस्तातला चालेल, कारण अरुंद बोळातून रोबो बहुतेक वेळा वळून नाही तर उलटाच बाहेर काढावा लागतो. तीन, माइक. हे कुणी लावत नाही आणि हेच सगळ्यात कामाचं आहे. पट्टा घसरतोय, मोटर ओढतेय, आत कुणी बोलतंय, हे सगळं कानाला आधी कळतं.

लॅगचा हिशोब करा. रोबो सेकंदाला ४० सेंमी जातोय आणि चित्र अर्धा सेकंद उशिरा येतंय तर तुम्ही बघताय त्याच्या २० सेंमी पुढे तो पोचलेला आहे, जिन्याच्या टोकावर एवढं पडायला पुरेसं आहे. वायफायवरचे स्वस्त कॅमेरा बोर्ड शिकायला चांगले, पण मोबाईलसमोर हात हलवून बघा, चित्रातला हात किती उशिरा हलतो. ड्रोनवाले वापरतात तो ॲनालॉग ५.८ चा सेट चित्राला गचाळ असतो पण लॅग जवळपास नसतो, आणि सिग्नल कमी होताना चित्रात हळूहळू मुंग्या येतात म्हणून आपण सावध होतो. डिजिटल चित्र छान दिसतं दिसतं आणि एकदम गोठतं.

पायरी सातवी: सराव, आणि तोही न बघता

सगळे जण रोबोच्या मागे मागे चालत सराव करतात. त्याचा उपयोग फक्त पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवसापासून चालवणारा वेगळ्या खोलीत, समोर फक्त स्क्रीन, आणि रोबोजवळ एक जण लाल बटणावर हात ठेवून, तोंड बंद. "अगं डावीकडे घे, डावीकडे" असं ओरडायला सुरुवात झाली की सराव संपला.

मोजमापांची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या निस्ट संस्थेने असल्या रोबोंच्या चाचण्या ठरवून दिल्यात, एएसटीएम या मानक संस्थेची स्टँडर्ड म्हणून त्या वापरल्या जातात, आणि त्यातली एक घरी करता येते: १५ अंश उताराच्या प्लायच्या फळ्या, डावा-उजवा चढ आलटून पालटून. ६० सेंमी पायाला १६ सेंमी उंची दिली की १५ अंश झाले. यावर आठ आकड्यात फिरवा, वेळ लिहा, किती वेळा अडकला लिहा. दिवाळीआधी सोसायटीच्या भंगारात प्लाय भरपूर निघतं.

जिना सगळ्यात शेवटी. बॅटरी पुढच्या बाजूला सरकवा, नाहीतर पहिल्याच पायरीला रोबो मागे कोलमडतो. दोरी बांधून ती वरून धरा, खाली कुणी उभं राहायचं नाही, १० किलो अंगावर येतात. जिन्यावर वळायचं नाही, तिरकं झालं तर खाली या आणि परत सरळ लावा. वरच्या टोकाला पोचल्यावर तो क्षणभर हवेत नाक वर करून थांबतो आणि मग धप्पकन आडवा होतो, तिथे स्पीड एकदम कमी करा, कॅमेऱ्याचे दांडे बहुतेक त्याच जागी मोडतात. पर्वतीच्या पायऱ्यांवर न्यायची आयडिया प्रत्येकाला येते, तिथे येणाऱ्या आजीआजोबांचा विचार करा आणि राहू द्या. दिघी, खडकी, लोहगाव, देहू रोड असल्या लष्करी भागाजवळ कॅमेरावाला रोबो घेऊन जायचं नाही, मैदान कितीही मोकळं दिसलं तरी.

हे सगळं जमलं की मग हात, ग्रिपर म्हणजे पकडायचा पंजा, फ्लिपर. आणि ज्यांना यातच काम करायचंय त्यांनी सरावाची वही नीट ठेवा, तारीख, बॅटरी, काय मोडलं, किती वेळात दुरुस्त झालं. संरक्षण मंत्रालयाची आयडेक्स योजना २०१८ पासून आहे, लष्कराच्या खऱ्या अडचणी तिथे प्रश्नाच्या रूपात प्रसिद्ध होतात आणि स्टार्टअपना त्यावर काम करायला पैसे मिळतात. अर्ज करायचा नसला तरी ते प्रश्न वाचून काढा, वजन, पल्ला, तापमान, बॅटरी किती वेळ, सगळं त्यात मागितलेलं असतं, आणि पुढच्या रोबोचं ड्रॉइंग काढायला बसाल तेव्हा ते आकडे शेजारी ठेवा.